मागितलं नाही, म्हणून सांगितलं नाही

गाडीचा विमा कोणता घ्यावा, असं मला लोक अजूनही विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात, दवाखान्यात नंबर लावून बसले असताना विचारतात, एकदा तर सांत्वनाला गेले होते त्या घरी विचारलं. यवतमाळला एका विमा कंपनीच्या शाखेत क्लेमच्या टेबलावर मी अठ्ठावीस वर्षं काढली, त्याचा हा परिणाम. मी सांगते, "कोणताही घ्या, पण घरी नेऊन एकदा वाचा." समोरचा हसतो. त्याला कोणता स्वस्त पडेल तेवढंच ऐकायचं असतं. मीही आता फार ताणत नाही. बोलून बोलून थकायला होतं.

तरी इथे लिहायचंच आहे तर थोडं सांगते. गाडीची पॉलिसी म्हणजे एक कागद दिसतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. तुमच्या गाडीचं काही झालं तर त्याची भरपाई, ही पहिली. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं काही केलं तर त्याची भरपाई, ही दुसरी. ती कायद्यानं घ्यावीच लागते. तिसरी अगदी खाली, एका ओळीत असते. गाडीचा मालक स्वतः गाडी चालवताना अपघातात गेला किंवा कायमचा अधू झाला, तर त्याच्या घरच्यांना एक ठरलेली रक्कम मिळते. तिचा हप्ता इतका किरकोळ असतो की पावतीवर तिकडे कुणाची नजर जात नाही.

लोकांची नजर भलतीकडेच जायची. वणीचे एक कापसाचे व्यापारी दरवर्षी गाडीची किंमत हट्टानं कमी लिहायला लावायचे, म्हणजे हप्ता कमी बसेल. मग एका वर्षी उभी गाडी जळाली आणि कंपनीनं त्यांनीच लिहिलेल्या किमतीप्रमाणे पैसे दिले, तेव्हा ते माझ्या टेबलापुढे दोन तास बसून होते. "बाई, तुम्हाले तर माहीत होतं ना गाडी कितीची हाय," एवढंच म्हणत होते. एक डॉक्टर बंपरला ओरखडा आला तरी क्लेम टाकायचे. वर्षभर क्लेम न केल्यास पुढच्या हप्त्यात जी सवलत मिळते ती त्यात जायची, आणि ती सवलत ओरखड्याच्या खर्चापेक्षा मोठी असायची. हे मी त्यांना तीनदा समजावलं. चौथ्यांदा नाही समजावलं.

पण मला लिहायचं आहे ते त्या तिसऱ्या ओळीबद्दल, आणि कमला आडेबद्दल.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग एकेक करून बंद होत चाललेल्या. कमलाचा नवरा परसराम जिनिंगच्या मशिनींचा फिटर होता. दिग्रसजवळच्या एका तांड्यावर घर. हाताला गुण होता, त्यामुळे दिग्रसपासून पांढरकवड्यापर्यंतचे मालक त्याला बोलावत. तेवढ्यासाठी त्यानं जुनी पांढरी छोटी कार घेतली होती. अवजारांची पेटी मागच्या सीटवर ठेवून तो जिल्हाभर फिरायचा. पोळ्यानंतरच्या एका संध्याकाळी पांढरकवड्याहून काम आटोपून निघाला, आणि केळापूरच्या पुढे, दिवस बुडायच्या वेळेला, सरळ रस्त्यावर त्याची गाडी कडुनिंबावर आदळली. तो जागीच गेला.

महिनाभरानं कमला तिच्या भावाबरोबर गाडीच्या क्लेमसाठी माझ्याकडे आली. तिशीची असेल. भाऊ राजूरच्या कोळसा खाणीत कामाला होता, तोच सगळं बोलत होता. गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली होती, त्यामुळे पूर्ण नुकसान धरून पैसे द्यायचे ठरलं होतं. मी फाइल उघडली आणि पॉलिसीवर ती तिसरी ओळ दिसली. गाडी त्याच्या नावावर. लायसन चालू. गाडी तोच चालवत होता. पोस्टमॉर्टेममध्ये दारू नाही. सगळं बसत होतं.

माझ्या टेबलाच्या उजव्या खणात त्या क्लेमचे फॉर्म असत. मी खण उघडला. मग वाटलं, आधी विचारून यावं. त्या तिमाहीत आमच्या शाखेचे क्लेम फार झाले होते आणि रोज सकाळी त्यावरून बोलणी बसत होती. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, आडेच्या फाइलमध्ये मालक-चालकाचा अपघात विमा पण आहे. फॉर्म देऊ का?"

"त्यांनी मागितला आहे?"

"नाही."

"मग?" असं म्हणून त्यांनी पुढचा कागद ओढला.

मी परत येऊन खण बंद केला. कमलाची सही घेतली, गाडीच्या पैशांचा चेक दिला. ती जाताना "येतो बाई" म्हणाली. मी मान हलवली. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला आजही वाटतं. ऑफिसची रीतच ती होती. जो मागेल त्याला द्यायचं, जो मागणार नाही त्याला आपण होऊन सांगायचं नाही. त्या रीतीनं मीही वर्षानुवर्षं वागत आले होते. फक्त एरवी मला तसं वागताना कळत नसे. त्या दिवशी कळलं, आणि तरी मी खण बंद केला.

आठ-नऊ महिन्यांनी कमला पुन्हा आली, या वेळी एकटी. भावाच्या राजूरहून वणी, वणीहून यवतमाळ असा प्रवास करून आली होती. तिनं आमच्याच ऑफिसचं एक पत्र टेबलावर ठेवलं. आपल्या वाहनाची पॉलिसी संपत आहे, त्वरित नूतनीकरण करून निश्चिंत व्हा, असा छापील मजकूर होता. बंद झालेली पॉलिसी कुणीतरी कॉम्प्युटरमधून काढायची राहिली होती. पत्र तांड्यावर गेलं, तिथून कुणाच्या तरी हाती राजूरला पोहोचलं.

"हे काय हाय बाई?" ती म्हणाली. "गाडी नाही, माणूस नाही. आता कायचे पैसे भरू मी?"

आवाज चढलेला नव्हता. खरंच काही भरायचं आहे का, हे विचारायला ती दिवसाची मजुरी बुडवून आली होती.

मी म्हटलं, "काही भरायचं नाही. चूक आमची आहे." ती उठली. मी म्हटलं, "कमलाबाई, बसा जरा."

आणि खणातून फॉर्म काढला. केबिनकडे पाहिलं नाही. ती तिसरी ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. तिला वाचता येत होतं, चौथीपर्यंत शिकलेली होती, पण पॉलिसी इंग्रजीत होती.

"हे मागच्या वेळेस नव्हतं काय?"

"होतं."

"मग तेव्हा काहून नाही सांगतलं?"

मी फॉर्म भरायला घेतला. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

क्लेम दाखल झाला आणि दोन हरकती आल्या. पहिली, उशीर. दुसरी त्या वर्षांची होती. तेव्हा आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत होत्या, आणि कुठल्याही अचानक मृत्यूकडे लोक त्याच नजरेनं पाहू लागले होते. कंपनीनं तपासनीस नेमला. तो तांड्यावर दोन तास फिरला आणि त्यानं लिहून दिलं की मयताचं काम कमी झालं होतं, रस्ता सरळ होता, समोरून वाहन नव्हतं, मयताचं त्या सकाळी पत्नीशी भांडण झालं होतं. सबब आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही. आत्महत्या असेल तर हा विमा मिळत नाही.

कमला आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. अहवालाच्या शेवटच्या ओळीपर्यंत सांगायला नको होतं, पण आता काही लपवायचं नाही असं मी ठरवून बसले होते.

ती म्हणाली, "आमच्या शेजारच्या गावात एका शेतकऱ्यानं औषध घेतलं, तर त्याच्या घरी सरकारचा सायेब आला न् म्हणे, हे आत्महत्या धरता येत नाही. मदत नाही भेटली त्याइले. आमच्या घरी तुमचा सायेब आला न् म्हणते, हे आत्महत्याच हाय. आता कोनाचं खरं धराव, तुम्हीच सांगा."

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली, जी तपासनिसाच्या अहवालात अर्धीच होती. भांडणाचं तांड्यावर सगळ्यांना माहीत होतं. परसराम गेल्यावर दीर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "हिनं बोलून बोलून मारला त्याले." सासूनं तिच्याशी बोलणं सोडलं. म्हणून ती राजूरला भावाकडे राहत होती आणि खाणीजवळच्या एका खानावळीत भाकरी थापत होती. पैशाचं ती एकदाही बोलली नाही.

मी गाडीच्या क्लेमची जुनी फाइल पुन्हा काढली. गाडीचं नुकसान पाहायला कंपनी सर्व्हेअर नेमते. तो कंपनीचा नोकर नसतो. त्यानं गाडी पाहायची, काय मोडलं ते लिहायचं, फोटो काढायचे. या फाइलचे सर्व्हेअर होते पांढरकवड्याचे काझी साहेब. साठी ओलांडलेले, पूर्वी स्वतः गॅरेज चालवलेले. त्यांचा अहवाल मी आधीही वाचला होता, पण पैशांच्या आकड्यासाठी. आता सावकाश वाचला. डावा भाग पूर्ण चेपला, डावं चाक, डावा दरवाजा. आणि मध्येच एक ओळ, उजवा हेडलाइट फुटलेला.

मी काझी साहेबांना फोन केला. "गाडी झाडावर डाव्या बाजूनं आदळली ना? मग उजवा दिवा कशानं फुटला?"

ते म्हणाले, "मॅडम, निगेटिव्ह हायत माझ्यापाशी. मी येतो."

दुसऱ्याच दिवशी ते बसनं आले. येताना पांढरकवड्याच्या स्टुडिओतून दोन फोटो मोठे करून आणले होते. उजव्या दिव्याची पत्र्याची कडा आत वळली होती आणि तिच्या फटीत केस अडकलेले दिसत होते. आखूड, राठ, राखाडी.

"रोही," काझी साहेब म्हणाले. नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात. "त्या पट्ट्यात सांजच्याले कळपानं येतात रस्त्यावर. यानं त्याले वाचवाले गाडी डावीकडं कापली असन, तरी घासून गेलाच. तिकडं झाड."

"मग हे अहवालात का नाही लिहिलं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मले गाडीचं इचारलं, मी गाडीचं लिहिलं. गाडीच्या पैशाले रोही काय न् बैल काय, फरक नाही पडत. माणसाचं मले कोनी इचारलंच नाही, मॅडम." मग चष्मा लावत म्हणाले, "मीही दिलं नाही सांगून."

आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता चहा प्यालो.

त्यांनी पुरवणी अहवाल लिहून दिला. पोलिसांच्या पंचनाम्यात रस्त्यावर ब्रेकच्या खुणा असल्याची नोंद होती, तिची प्रत जोडली. वनखात्यातल्या एका माणसाकडून फोटो पाहून केस रोहीचेच असल्याचं लिहून घेतलं. कमलालाही रोहीचं कळवलं. उरली उशिराची हरकत. उशीर का झाला, याचं कारण माझ्या टिपणीत द्यायचं होतं. सवयीनं मी लिहिलं असतं की वारसदार ग्रामीण व अल्पशिक्षित असल्याने तिला माहिती नव्हती. ते खोटंही नव्हतं. त्याऐवजी मी लिहिलं, वारसदार अमुक दिवशी शाखेत हजर असताना या संरक्षणाची मला माहिती होती, आणि मी ती तिला दिली नाही.

साहेबांनी मला आत बोलावलं. "मॅडम, हे वाक्य काढा."

"का, साहेब?"

"हे वर गेलं तर तुम्हाला मेमो येईल. मलाही विचारतील. काम तसंही होऊन जाईल."

"होईल का?"

ते चांगलं अर्धं मिनिट त्या कागदाकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, जाऊ द्या," आणि खाली सही केली. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम लिहिते. त्यांना ती फाइल सहज अडवता आली असती.

मेमो आला. त्याला मी उत्तर दिलं. पुढच्या बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. ते यामुळेच की नाही, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

निकाल यायला सात महिने लागले. त्या काळात मी जुनी रजिस्टरं काढून बसायची. मालक स्वतः गाडी चालवताना गेला, गाडीचे पैसे दिले, फाइल बंद, अशा आणखी नोंदी सापडत होत्या. बऱ्याचशा फाइलींवर माझीच सही होती. मी त्या पत्त्यांवर पत्रं पाठवली, साध्या मराठीत, हातानं लिहून. काही परत आली. दोन घरची माणसं आली, त्यातल्या एकाचं काम झालं, दुसऱ्या घरच्या मयताचं लायसन अपघाताआधीच संपलेलं निघालं आणि त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना मला नाही म्हणावं लागलं. ते दारव्ह्याहून आले होते. मी उगाच बोलावलं असं त्यांना वाटलं असणार. बाकीच्यांकडून काहीच आलं नाही.

कमलाचा क्लेम मंजूर झाला तेव्हा उन्हाळा लागला होता. तिला निरोप दिला, ती आली. मी तिच्यासमोर पावती ठेवली, कुठे सही करायची ते दाखवलं. तिनं सही केली नाही.

"याच्यावर काय लिहेल हाय?"

मी मराठीत सांगितलं. परसराम आडे यांच्या अपघाती मृत्यूबद्दल त्यांच्या पत्नीस देय रक्कम.

"अपघाती, असं लिहेल हाय?"

"हो. हा शब्द बघा." इंग्रजी शब्दावर मी बोट ठेवलं.

"त्याची नक्कल मले भेटते काय?"

मी प्रत काढून आणली. इंग्रजी मजकुराखाली मराठीत अर्थ लिहिला आणि शाखेचा गोल शिक्का मारला. तसा अधिकार मला नव्हता. तिनं तो कागद घेतला, मग पावतीवर सही केली, चेककडे एकदा पाहिलं आणि पिशवीत ठेवला. कागद मात्र हातातच होता.

"बाई, खरं सांगा," ती म्हणाली. "हे तुम्ही माझं काम व्हाव म्हून केलं, का रोही होताच?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतके महिने ती लोकांचं म्हणणं नाकारत होती, पण हा अपघातच होता याची तिचीच खात्री नव्हती. मी फाइलमधला मोठा केलेला फोटो काढून तिच्यापुढे ठेवला. केस कुठे आहेत ते दाखवलं. तिनं फोटो उचलून खिडकीकडे धरला. मागे दोन माणसं ताटकळत होती, त्यातला एक घड्याळ पाहत होता. मी त्याला हातानंच थांबायला सांगितलं.

फोटोवरून नजर न काढता ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळी मी त्याले म्हटलं होतं, जाय, वापस येऊ नको. घरात मीठ नव्हतं तेवढ्यावरून. तो हासला न् गेला. मले वाटे, त्यानं ते मनावर घेतलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं, फोटो परत दिला आणि विचारलं, "दिग्रसची गाडी कधी हाय?"

"दिग्रसची? राजूरला नाही जायचं?"

"पयले तांड्यावर जातो. सासूले वाचून दाखवतो हा कागद. मंग जाईन राजूरले."

साडेतीनची गाडी होती. मी टेबलापुढच्या माणसांना शेजारच्या सहकाऱ्याकडे पाठवलं आणि तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले. ऑफिसच्या वेळात मी कामाशिवाय बाहेर पडल्याचं मला त्याआधी आठवत नाही. ऊन फार होतं. गाडी लागलेलीच होती. तिनं चढताना दांडा धरला आणि मागे वळली.

"बाई, तो रोही वाचला असन काय?"

हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मला फोटो आठवला. दिव्याच्या कडेला केस होते, रक्त नव्हतं. पंचनाम्यातही मेलेल्या जनावराचा उल्लेख नव्हता.

"वाचला असेल," मी म्हटलं. "नुसता घासून गेला होता."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि आत जाऊन खिडकीपाशी बसली.